‘पीटीचे सर हे फुकटात करायचे’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

‘स्पष्टवक्ता’ या नावानं लिहिणाऱ्या वाचकांस,

गेल्या आठवड्यात मी कॅनडातल्या ‘किनिसिऑलॉजी आणि हेल्थ प्रमोशन’ या शिक्षणाबद्दल लिहिलं होतं. शरीराची हालचाल कशी होते, ती कशामुळे बिघडते, व्यायामानं काय आणि किती सुधारतं, आणि वस्तीच्या वस्ती निरोगी राहावी म्हणून काय करावं लागतं, याचा चार वर्षांचा विद्यापीठातला अभ्यास. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. बाकीच्यांना शोधत बसावं लागू नये म्हणून ती इथे जशीच्या तशी देते :

“ताई, चार वर्षं आणि बापाचे लाखो रुपये घालवून शेवटी म्हाताऱ्यांना खुर्चीवरून उठा-बसा करायला शिकवायचं? हे तर आमच्या शाळेतले पीटीचे सर फुकटात करायचे. ज्यांना फिजिओथेरपीला प्रवेश मिळत नाही ते इकडे वळतात, हे सगळ्यांना माहीत आहे. हेल्थ प्रमोशन म्हणजे पोस्टर चिकटवणं. नोकरी आणि पगार यावर लेखात एक अक्षर नाही. मुलांची दिशाभूल करू नका.”

आधी सुराबद्दल बोलते, कारण तो मला लागला आहे. ‘ताई’ म्हणून सुरुवात करायची आणि चार ओळींत त्या ताईला दिशाभूल करणारी ठरवायचं, ही कुठली रीत? माझा लेख माझ्या नावानं आहे, मी कुठे शिकले, काय काम करते हे त्याखाली लिहिलेलं आहे. तुम्ही टोपणनाव घेतलंत, त्याला माझी हरकत नाही. पण टोपणनावाआडून दुसऱ्याच्या आयुष्यभराच्या कामाला ‘उठा-बसा’ म्हणताना थोडा तरी विचार करायला हवा होता. मतभेद असावेत, जरूर असावेत. हिणवण्याची गरज नसते.

फीबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांना इथे स्थानिक मुलांच्या कितीतरी पट फी भरावी लागते, आणि नाशिक-सांगलीच्या मध्यमवर्गीय घराला ती झेपणं सोपं नाही. हे ठळकपणे सांगायला हवं, म्हणून आता लेखाच्या सुरुवातीलाच तशी ओळ घातली आहे.

आता त्या वाक्याकडे येते. “हे तर आमच्या शाळेतले पीटीचे सर फुकटात करायचे.”

माझे बाबा पीटीचे सर होते. सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत त्यांची सगळी नोकरी गेली. बी.पी.एड. केलेलं होतं, आणि ती पदवी मिळवायला त्यांनाही शरीररचना, शरीरक्रिया शिकावी लागली होती. स्पर्धेच्या दिवशी पहाटे उठून ते स्वतः मैदानावर फक्की मारायचे. पंधरा ऑगस्टच्या लेझीमसाठी महिनाभर आधीपासून मुलांना तयार करायचे. हजेरीपटावर गणिताच्या सरांचं नाव वर आणि यांचं खाली. पाऊस लागला की पीटीचा तास विज्ञानाला देऊन टाकायचा, हे ठरलेलंच. ‘फुकटात’ हा तुमचा शब्द मी लहानपणापासून वेगवेगळ्या तोंडून ऐकत आले आहे. ते काही फुकटात करत नव्हते. त्यांच्या कामाची किंमत करायची कुणाला गरज वाटत नव्हती, एवढंच.

आणि याच बाबांना मी खुर्चीवरून उठता न येणारा माणूस होताना पाहिलं. त्यांची बायपास झाली. शस्त्रक्रिया उत्तम झाली, त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. घरी सोडताना हातात जो कागद दिला त्यावर गोळ्यांची नावं, पुढच्या तपासणीची तारीख आणि ‘विश्रांती’ एवढंच होतं. बायपासमध्ये छातीचं हाड मधोमध कापलेलं असतं, ते सांधायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. त्या काळात हातांवर जोर देऊन उठू नये असं सांगतात. मग उठायचं कसं? ते कुणी दाखवलं नाही. आम्ही घरातल्यांनी काय केलं, तर दोन्ही बाजूंनी काखेत हात घालून त्यांना उचललं. ती पद्धत चुकीची असते, त्यानं छातीवर ताण येतो, हे मला फार पुढे विद्यापीठात कळलं. उठताना दुखायचं म्हणून ते उठेनासे झाले. शेजारीपाजारीही ‘पडून राहा सर, आराम करा’ म्हणत होते. बघता बघता मांड्या वाळल्या. ज्या माणसानं हजारो पोरांना पळायला लावलं, तो संडासला जाताना भिंत धरून चालायला लागला. पुन्हा मैदानावर ते गेलेच नाहीत.

म्हणून ‘उठा-बसा’ हा शब्द माझ्यापाशी हलकेपणानं वापरू नका.

खुर्चीवरून उठण्यात शिकण्यासारखं काय आहे? माणूस बसलेला असतो तेव्हा त्याच्या शरीराचा भार खुर्चीवर असतो. उभं राहायचं तर तो भार आधी पुढे, पावलांवर आणावा लागतो आणि मगच वर उचलता येतो. पावलं गुडघ्यांच्या पुढे पसरलेली असतील तर कितीही जोर लावला तरी माणूस मागेच बसतो. पावलं थोडी मागे, गुडघ्यांच्या आत घेतली की कंबरेतून कमी वाकावं लागतं आणि मांड्यांचं काम हलकं होतं. खुर्ची जितकी बुटकी तितका गुडघ्यावरचा भार जास्त. कुठल्या सांध्यावर किती भार येतो हे आम्ही जमिनीत बसवलेल्या बलमापक फळीवर माणसाला उभं करून, कॅमेऱ्यानं हालचाल टिपून, कागदावर मांडून शिकलो. एकेक आकडा हातानं काढावा लागायचा.

मी जिथे काम करते तिथे एक पोर्तुगीज आजोबा यायचे, गवंडीकाम केलेले, मोठ्या हाडापेराचे. उठताना ते दम कोंडून, मान मागे टाकून, दोन्ही हातांनी खुर्ची दाबत झोकून द्यायचे. दोनदा मागे पडले की तिसऱ्या वेळी उठायचा नादच सोडायचे. त्यांना मी तीन गोष्टी सांगितल्या : पावलं मागे घ्या, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत पुढे झुका, उठताना श्वास सोडा. दम कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो, आणि हृदयविकाराच्या माणसाला ते परवडत नाही. पुढच्या वेळी त्यांच्या खुर्चीवरची उशी काढली, कारण उशीमुळे उंची वाढून काम सोपं होत होतं. असं करत करत ते हात छातीशी घेऊन उठायला लागले. बघणाऱ्याला त्यात नुसती उठा-बसाच दिसेल.

वृद्धांसाठी तीस सेकंदांची एक साधी चाचणी असते. 43 सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, दोन्ही हात छातीवर आडवे, आणि तीस सेकंदांत पूर्ण उभं राहून किती वेळा बसता येतं ते मोजायचं. हात टेकले तर गुण शून्य. 70 ते 74 वयाच्या पुरुषाला 12 पेक्षा कमी आणि बाईला 10 पेक्षा कमी जमलं, तर पडण्याचा धोका जास्त समजतात. इतक्या वयात माणूस पडून खुब्याचं हाड मोडलं की पुढे काय होतं, हे तुम्हीही एखाद्या घरात पाहिलं असेलच.

आणि ‘विश्रांती’? अमेरिकेत डॅलसला 1966 साली विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांची कमाल प्राणवायू वापरण्याची क्षमता सुमारे पाव हिश्श्यानं घटली. तीस वर्षांनी त्याच पाचजणांना पुन्हा तपासलं, तर पन्नाशीतलं त्यांचं शरीर विशीतल्या त्या तीन आठवड्यांनंतरच्या शरीरापेक्षा बरं निघालं. तीस वर्षांच्या वयानं केलं नाही ते तीन आठवड्यांच्या पडून राहण्यानं केलं होतं. हा प्रयोग आम्हाला वर्गात शिकवला तेव्हा मी वही मिटून बाहेर गेले होते. बाबांचे ते महिने डोळ्यांपुढून हलत नव्हते.

पीटीच्या सरांना हे सगळं यावं अशी अपेक्षाही मी करणार नाही. त्यांच्यापुढे पन्नास निरोगी मुलं असतात. माझ्यापुढे जो माणूस असतो तो बीटा ब्लॉकरवर असतो, त्याच्या नाडीचे ठोके औषधानं दाबलेले असतात, म्हणून ठोके मोजून व्यायाम किती झेपतोय ते ठरवता येत नाही. त्याला ‘किती दम लागतोय’ हे 6 ते 20 च्या बोर्ग मापावर विचारावं लागतं. दुसरी बाई इन्शुलिन घेत असते, तिची साखर व्यायामाआधी तपासली नाही तर ती माझ्यासमोर कोसळू शकते. तिसऱ्याच्या तळपायाची संवेदना गेलेली असते, बुटात खडा रुतला तरी त्याला कळत नाही. चार वर्षं याला लागतात, आणि ती कमीच पडतात.

फिजिओथेरपीबद्दलचं विधान मात्र सरळसरळ चुकीचं आहे. आपल्याकडे बारावीनंतर थेट बीपीटीला, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीला जाता येतं, म्हणून तुमचा तसा समज झाला असेल. कॅनडात बहुतेक ठिकाणी फिजिओथेरपी ही पदवीनंतरची मास्टर्स आहे. तिला जाणारे कितीतरी विद्यार्थी आधी किनिसिऑलॉजीच करतात. बारावीनंतर ज्याचा प्रवेशच नसतो, तिथला प्रवेश हुकला म्हणून मुलं ‘इकडे वळतात’ हे कसं? ‘सगळ्यांना माहीत आहे’ असं लिहिण्याआधी एखाद्या विद्यापीठाचं पान उघडून पाहायला पाच मिनिटं लागली असती. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग 1967 पासून आहे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात 1 एप्रिल 2013 पासून किनिसिऑलॉजिस्ट हा कायद्यानं नियंत्रित आरोग्यव्यवसाय आहे : पदवी, त्यानंतर परीक्षा, आणि कॉलेज ऑफ किनिसिऑलॉजिस्ट्सकडे नोंदणी. नोंदणी नसताना ते नाव लावता येत नाही.

पोस्टरचं म्हणाल तर त्यावर वाद घालायचीही इच्छा नाही, पण वाचणाऱ्या मुलांसाठी थोडं लिहिते. 1953 साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरच्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त, जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना कमी. पोस्टर कुणीच लावलं नव्हतं, कामाची रचनाच वेगळी होती. आरोग्यसंवर्धनावरच्या (म्हणजेच हेल्थ प्रमोशनवरच्या) 1986 च्या आंतरराष्ट्रीय ऑटावा सनदेत त्याचा पाया म्हणून धोरण, परिसर, लोकसहभाग यांची नावं आहेत ती याचसाठी. फुटपाथ नसेल तर ‘रोज चाला’ म्हणून काय उपयोग?

आणि हे सगळं आपल्या लोकांशी थेट संबंधित आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि लंडनच्या एका सहकाऱ्याचा फोटो शेजारी-शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) एकच, 22.3. सहकाऱ्याच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. दिसायला बारीक असलेला आपला माणूस आतून असा असू शकतो. 2023 मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. आहार आणि व्यायामानं तो टाळता येतो का? अमेरिकेतल्या 2002 च्या मोठ्या चाचणीत जीवनशैली बदलणाऱ्या गटात नवा मधुमेह 58 टक्क्यांनी कमी झाला, मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीनं 31 टक्क्यांनी. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या भारतीय चाचणीत हे आकडे 28.5 आणि 26.4 असे होते. म्हणजे आपल्या लोकांतही आहार आणि व्यायाम गोळीच्या बरोबरीनं उभे राहिले. तो व्यायाम करून घ्यायला, लोकांना त्यात टिकवायला शिकलेली माणसं लागतात. इथे ओंटारिओत मिसिसागाच्या गुरुद्वाऱ्यात, ब्रॅम्प्टनच्या मॉलमध्ये सकाळी चालणाऱ्या आपल्या ज्येष्ठांबरोबर मी हेच करते.

नोकरी आणि पगार यावर लेखात लिहिलं नाही, कारण तो लेख त्यावर नव्हता. मला काम आहे, माझ्या बरोबरच्यांनाही आहे. प्रत्येक विषयाकडे फक्त पगाराच्या पट्टीनं बघणाऱ्यांसाठी दुसरे भरपूर लेख उपलब्ध आहेत, ते वाचावेत.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. ती वाचून नाशिकच्या एका मुलीनं मला ‘मग मी अर्ज करू की नको’ असं विचारलं आहे. तिला मी तिची फी, तिचे गुण आणि तिची आवड बघून वेगळं उत्तर देईन. तुमच्याकडून मला एवढंच हवंय : घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर एक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, स्वतः शेजारी उभे राहा आणि तीस सेकंद मोजा. हात न टेकता त्यांना एकदाही उठता आलं नाही, तर माझ्याशी वाद नंतर घाला. आधी त्यांना जवळच्या फिजिओथेरपिस्टकडे घेऊन जा.