तिसरा आकडा शिकू नका

निवृत्तीनंतर काय करावं, हा इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या मराठी माणसाचा प्रश्न आता सुटला आहे. पिकलबॉल खेळावा, म्हणजे पॅडलनं जाळीवरून चेंडू टोलवायचा खेळ. कोर्टाचं माप बॅडमिंटनच्या डबल्सचंच, 20 बाय 44 फूट; त्यामुळे जुनं कोर्ट, नवे बूट आणि तेच गुडघे एवढ्या भांडवलावर भागतं. फक्त स्कोअर शिकायच्या भानगडीत पडू नका. ज्याला तो येतो त्याला सगळे मॅच थांबवून हिशेब विचारतात आणि हिशेब पटला नाही की त्याच्याशीच भांडतात.

स्कोअर तीन आकड्यांत पुकारतात. आधी सर्व्हिस करणाऱ्या जोडीचे गुण, मग समोरच्यांचे आणि शेवटी, सर्व्ह करणारा त्या पाळीतला पहिला की दुसरा ते. हा तिसरा आकडा तुम्ही बँकेतल्या टोकनसारखा पहिल्या दिवशीच घ्या आणि सोडू नका. "मी दोन नंबर, वहिनी एक नंबर," असं जाहीर करून टाका. खरं तर सर्व्हिस आपल्याकडे आली की उजवीकडे जो असेल तो एक. पुढच्या पाळीत तोच दोन होऊ शकतो. पण दर पाच मिनिटांनी नंबर बदलणं आपल्या वयाला शोभत नाही.

गेमच्या आरंभी 'शून्य-शून्य-दोन' ऐकलंत की विचारा, "अरे, पहिला कुठे गेला?" आधी सर्व्हिस मिळालेल्यांना जास्त फायदा नको म्हणून त्या पहिल्या पाळीत त्यांना एकच सर्व्हर मिळतो, असं एखादं पोरगं समजावून सांगेल. मान हलवा. पुढच्या गेमला पुन्हा विचारा.

गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या जोडीलाच मिळतो, हा नियम तर ऐकूच येऊ देऊ नका. रॅली जिंकलात की एक गुण मनात टाकायचा. गेम 11 चा, त्यात दोनची आघाडी हवी. समोरचे सातवर चाचपडत असताना तुम्ही हात मिळवायला जाळीपाशी पोचलेले असाल.

सर्व्हिस कंबरेखालून, तिरकी आणि किचनच्या रेषेपलीकडे पडायला हवी. किचन म्हणजे जाळीलगतची सात फुटांची पट्टी. तिच्यात उभं राहून हवेतला चेंडू मारता येत नाही. (किचनवरचा विनोद प्रत्येकाला एकदा करावाच लागतो. उरकून घ्या.) सर्व्हिस जाळीला घासून बरोबर जागी पडली तर 'लेट!', म्हणजे सर्व्हिस पुन्हा, म्हणून ओरडा. 2021 पासून असा चेंडू चालू धरतात, पण टेनिस टीव्हीवर पाहिलेल्या माणसाला कोण अडवणार?

वाद मिटवायची एक युक्ती आहे, ती मात्र फुटू देऊ नका. गुण मिळाला की सर्व्ह करणारी जोडी आपसात जागा बदलते, समोरची नाही. म्हणून गेमची पहिली सर्व्हिस ज्यानं केली तो, जोडीचे गुण सम असले की उजवीकडे असतो, विषम असले की डावीकडे. जागा बघा, स्कोअर कळतो. परवा आमच्याकडे हे करून पाहिलं. काका म्हणत होते सहा, वहिनी म्हणत होत्या पाच. सुरुवात वहिनींनी केली होती आणि त्या उजवीकडे उभ्या होत्या, म्हणजे सहा. काकांनी विजयी मुद्रेनं पॅडल काखेत मारलं.

"मी इथे उभी आहे," वहिनी म्हणाल्या, "कारण तिकडे डोळ्यावर ऊन येतं. मघापासून इथेच आहे."

मग सगळा गेम पहिल्या रॅलीपासून आठवायला घेतला. तिसऱ्या गुणापाशी होतो तेवढ्यात दारातून आवाज आला, "अंकल, हमारा टाइम हो गया."

पोह्याच्या गाडीवर काका सगळ्यांत पुढे होते. गर्दीतून त्यांनी एका दमात पुकारलं, "चार पोहे, दोन कचोऱ्या, अडीचशे जिलबी! एकात जिरावण मसाला जास्त, एकात कांदा नको." कोणी काय घेतलं ते त्यांनी पैसे देताना न अडखळता सांगितलं, आणि वर वहिनींकडे मागच्या मंगळवारचे वीस रुपये मागितले.