एक रॅम घालायला आख्खं मशीन सोलायचं का रे?

ज्या कोणी माझा हा दहा इंची लॅपटॉप डिझाईन केला ना, त्याला एकदा सांगलीत आणायचाय. मे महिन्यात, दुपारी, लाईट गेलेली असताना. पंखा बंद, मानेवरनं घाम ओघळतोय, आणि म्हणायचं घे बाबा, रॅम बदल. बदलून दाखव फक्त.

म्हणजे बघा, नेटबुक म्हणायचे ह्यांना, 2007 ला आसुसचा सात इंची ई पीसी आला आणि मग सगळ्याच कंपन्यांनी ॲटम प्रोसेसर घालून नऊ इंची दहा इंची मशीनं काढली, चार-पाच वर्षं धंदा केला, टॅबलेट आले तसा गाशा गुंडाळला. ठीकाय. पण मशीन तर चालतंय की माझं! किलोभर वजन, बॅटरी धड होती तोवर एसटीत मांडीवर ठेवून मिरजेपर्यंत अर्धं पान टाईप व्हायचं, घरचा हिशोब त्याच्यावर. मला गेम खेळायचा नाहीये, व्हिडिओ एडिट करायचा नाहीये. मला फक्त त्यात जरा रॅम घालायची होती.

तर 512 एमबी बोर्डावरच सोल्डर केलेली आणि एकच स्लॉट. बरं. स्लॉट कुठंय? बोर्डाच्या उलट्या बाजूला! म्हणजे आधी खालचे स्क्रू, मग कीबोर्डच्या वरच्या बारीक खिट्ट्या दाबून कीबोर्ड उचकटायचा, त्याची रिबन केबल सोडवायची जिचं लॉक नखाएवढं पण नाही आणि पंधरा वर्षांनी प्लास्टिक असलं कडक झालंय की जरा जोर लावला की टक्क, मग वरचं कव्हर, मग वायफायच्या वायरी, स्पीकर, टचपॅड, आणि मग बोर्ड बाहेर काढून उलटा केला की दर्शन होतं स्लॉटचं. त्यात स्क्रू सगळे वेगवेगळ्या लांबीचे, लांबडा चुकून आखूडच्या भोकात गेला तर वरनं बाहेर येतो. आणि खरा संताप ह्याचा येतो की त्याच काळात, त्याच किमतीत, दुसऱ्या मशीनांना खाली छोटं झाकण दिलेलं असायचं, एखाद-दुसरा स्क्रू काढला की रॅम समोर. म्हणजे जमत होतं की लेको तुम्हाला! करायचं नव्हतं.

एवढं करून मिळालं काय, तर दीड जीबी. ह्याच्यात त्याच्यापुढं जात नाही, संपला विषय.

बरं एकदा बोर्ड बाहेर काढलाच तर म्हटलं तारखेचा सेल पण बदलून टाकू. तो सेल मेला की तारीख जाते मागं कुठंतरी 2008 ला, आणि तारीख चुकली की साईटचं सुरक्षेचं सर्टिफिकेट जुळत नाही म्हणून एकही साईट धड उघडत नाही, माणसाला वाटतं नेट गेलं. आतला सेल साधा सीआर2032च, कुठल्याही घड्याळवाल्याकडं मिळतो. पण ह्यांनी त्याला दोन वायरी वेल्ड करून, वर प्लास्टिक चढवून, टोकाला इवलासा कनेक्टर लावून ठेवलाय. साधा होल्डर दिला असता तर काय बिघडत होतं? बाजारात एक जण म्हणाला द्या दादा, थेट सेलवरच सोल्डर मारतो. अहो, लिथियमचा सेल तो, गरम केला तर फुटेल तोंडावर! तर हा म्हणतो, काय होत नाय ओ. हो, नाय होत, तुझ्या तोंडावर धर मग.

आणि दुकानं! विश्रामबागला एका ठिकाणी गेलो तर तो पोरगा मी काउंटरवर मेलेलं मांजर ठेवल्यासारखा बघायला लागला. हात पण लावला नाही. 'काका हे टाकून द्या की, ईएमआयवर नवा बसेल.' मी रॅम मागतोय डीडीआर2ची, म्हणजे जुन्या पिढीची, नवा लॅपटॉप कुठं मागितला? डीडीआर2 म्हटल्यावर आत विचारायला गेला तो बाहेरच येईना. आणि काका कुणाला म्हणतोस रे.

बॅटरीचं तर बोलूच नका. बोलतोच. कंपनीची ओरिजिनल मिळायची बंद होऊन जमाना झाला, राहिल्या ऑनलाईनच्या डुप्लिकेट. ह्या बॅटरीत असतात काय तर तीन 18650 सेल, 18 मिलिमीटर जाड 65 लांब, एकामागं एक जोडलेले, म्हणून 11.1 व्होल्ट. असल्या जोडणीत व्होल्ट वाढतात, एमएएच म्हणजे साठवायची क्षमता एका सेलचीच राहते. आणि चांगल्यातला चांगला 18650 घेतला तरी 3500 एमएएचच्या आसपास संपतो. मग तीन सेलच्या पॅकवर 5200 छापतोस कसा रे तू? कुठनं आणलेस वरचे? एक मागवली, हातात घेतली तर कागदासारखी हलकी. एक धड सेल 45 ग्रॅमच्या आसपास भरतो, तिन्हीचे मिळून 130च्या वर पाहिजेत, वर खोक्याचं वजन वेगळं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात साखरेच्या काट्यावर ठेवली, खोक्यासकट 100 पण भरेना. दुकानदार मामा हसायला लागले. विक्रेत्याला फोटो पाठवला काट्याचा, तर उत्तर काय, 'बॅटरी आधी तीन वेळा फुल चार्ज करा'. तीन वेळा चार्ज केल्यावर वजन वाढतं का? सांगा की!

जुन्याच पॅकमधले सेल बदलावे म्हटलं तर तिथं अजून एक गंमत, आतल्या सर्किटमधली चिप. सेल सुटले की काही पॅकात ती कायमची लॉक होते, नवे सेल घातले तरी शून्य टक्के. बॅटरी माझी, सेल माझे, आणि चिप ठरवणार.

आमचे दाजी प्रत्येक वेळी घरी आले की हेच, 'अजून त्याच डबड्यावर?' दाजी, तुमचा मोठा लॅपटॉप बिजागरी तुटून सहा महिने कपाटात पडलाय. बोलू का?

सॉफ्टवेअरवाल्यांवर माझा तसा राग नाही. माझ्या मशीनातला ॲटम एन270 प्रोसेसर 32-बिट, म्हणजे जुन्या धाटणीचा, आणि 32-बिट आता सगळेच सोडायला लागलेत. लिनक्समधल्या उबंटूनं 32-बिट डेस्कटॉप 2017 लाच सोडला, डेबियन 13 ला 2025 मध्ये 32-बिटचा इन्स्टॉलरच नाही, फायरफॉक्स ब्राऊझर पण 32-बिट लिनक्सवर 144व्या आवृत्तीला थांबलं. बरीच माणसं फुकट राबतात त्यात, किती वर्षं ओढणार, आणि अँटीएक्स नावाचं हलकं लिनक्स अजून चालतंय त्यावर माझं भागतं. डोकं फिरतं ते वेबसाईटवाल्यांवर. पावसाळ्यात मला एकच ओळ वाचायची असते, कोयनेतनं किती क्युसेक सोडलं आणि सांगलीच्या आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती फुटांवर आलं. एक आकडा! 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, सांगलीतल्या शेंबड्या पोराला पाठ आहे, तेवढा आकडा द्या आणि गप बसा. तर आधी जाहिरात, मग आपोआप सुरू होणारा व्हिडिओ, मग 'नोटिफिकेशन चालू करायचं का', त्या खिडकीचं नाही म्हणायचं बटण स्क्रीनच्या खाली, कारण माझी स्क्रीन 1024 बाय 600 आणि ह्यांनी कधी 600 उंचीवर उघडूनच बघितलं नाही. ऑल्ट दाबून आख्खी खिडकी वर ओढायची तेव्हा बटण दिसतं. तोपर्यंत दीड जीबी भरून मशीन गार. पाणी दारात येईल पण पान उघडणार नाही.

आत्ता एसएसडी घातलाय, फॅन साफ करून प्रोसेसरवरची पेस्ट बदललीय, बऱ्यापैकी पळतंय, ॲडाप्टर लावूनच पण पळतंय. आणि काल बघतो तर डाव्या बिजागरीपाशी प्लास्टिकला तडा. गोंदानं धरत नाही, एम-सील लावलं तर झाकण मिटत नाही, आणि तेवढं कव्हर सुटं कुठंच मिळत नाही, घ्यायचं तर भंगारातलं आख्खं मशीन घ्या म्हणे. घेणार. दाजींना कुणी सांगू नका फक्त.