त्यांच्या करारात दुरुस्ती होते, मग आमच्या विहिरीची का नाही?

आज दुपारी दुकानात एकजण आला, बारा पानं, तीन सेट झेरॉक्स पाहिजे म्हणाला. मी कुणाचे कागद मुद्दाम वाचत नाही, पण मशिनवर पान ठेवताना डोळे जातातच की. एका शहराच्या सभेपुढचा विषय होता. शहराचं नाव लिहीत नाही, त्या माणसाला उगीच त्रास नको. विषय काय, तर रस्त्याचं इंजिनिअरिंगचं काम ज्या कंपनीला दिलंय तिच्या करारात दुरुस्ती करायची. मूळ करारात भूसंपादनाचं काम धरलेलंच नव्हतं, ते आता घालायचं, त्याची फी वाढवून द्यायची, मुदत वाढवून द्यायची. खाली "मंजुरीसाठी सादर". बस्स.

मला असा राग आला की पुढचं पान तिरकंच ठेवलं गेलं. फाडलं आणि परत काढलं.

अहो म्हणजे रस्त्याचं डिझाईन झालं, चौक कुठं, गटार कुठं, दिव्याचे खांब कुठं सगळं ठरलं, आणि ज्या जमिनीवरून रस्ता जाणार ती कुणाची हे बघायचं करारात लिहायलाच विसरले? रस्ता काय हवेतून नेणार होते? आपल्याकडे बेळगावात शहापूरचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. स्मार्ट सिटीतून रस्ता करून मोकळे झाले, जागा रीतसर घ्यायची राहिली, आणि २०२४ ला हायकोर्टानं २० कोटी भरा म्हटल्यावर धावपळ सुरू. जमीन नेहमी शेवटी आठवते ह्यांना. आणि विसरले तरी ह्यांचं काही बिघडत नाही, एक ठराव, एक सही, करार दुरुस्त.

आमच्या आप्पांची विहीर मात्र दुरुस्त झाली नाही. तेच सांगायला बसलेय आज, दुकान बंद करून घरी आले, भाकऱ्या केल्या आणि मोबाईल घेऊन बसलेय, लांब होईल, ज्यांना वेळ नाही त्यांनी सोडा.

माझ्या माहेरची १८ गुंठे जमीन रस्त्यात गेली. पावसाळ्यात भात, भात काढलं की त्याच ओलीवर मसूर, आणि विहिरीच्या अंगाला मेथी, कोथमीर, मुळा. विहीर आजोबांनी खणलेली, आत दगडी बांधकाम, उतरायला एका बाजूनं पायऱ्या. उन्हाळ्यात सुद्धा तळ दिसायचा नाही. पहिल्यांदा मोजणीला आले तेव्हा बाळंतपणाला माहेरी होते मी, सगळं डोळ्यानं बघितलंय. कंपनीचा एक पोरगा, चोवीस-पंचवीसचा, बागलकोटकडचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, त्याच्याबरोबर सर्व्हेचे दोघं आणि ते तीन पायांचं यंत्र. फेब्रुवारीचं ऊन. आईनं विहिरीतलं पाणी काढून तांब्या आणि गुळाचा खडा दिला. पोरानं उभ्या उभ्या तांब्या रिकामा केला आणि म्हणाला, "छान आहे अव्वा, गोड आहे पाणी." त्याला मराठी नीट येत नव्हतं, आईला कन्नड नीट येत नव्हतं, पण दोघांना कळलं. मग त्यानं आप्पांना वहीत दाखवलं, विहीर रस्त्याच्या लाईनीच्या बाहेर पडतीय, काळजी करू नका. आप्पांनी सही केली. बरोबरच होतं ते, त्या दिवशी.

पुढं लाईन सरकली. का सरकली, कुणासाठी सरकली, आम्हाला कुणी सांगितलं नाही. शेतात नवीन खुणा आल्या, पिवळा रंग मारलेले दगड, आणि एक दगड विहिरीच्या पलीकडं. म्हणजे विहीर आत. परत मोजणीला कुणी आलं नाही. जुन्याच यादीवर नवा आकडा टाकून कागद पुढं गेला. ह्या यादीचं महत्त्व शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना कळत नाही म्हणून सांगते. रस्त्याची लाईन सर्व्हेच्या नकाशावर ठेवायची, कुठल्या सर्व्हे नंबरातलं किती गुंठे जातंय, हिस्सा कुणाचा, उताऱ्यावर नाव कुणाचं, झाडं किती, घर आहे का, विहीर आहे का, हे सगळं त्या यादीत येतं. नोटीस त्याच्यावरून, निवाडा म्हणजे भरपाईचा हुकूम त्याच्यावरून, पैसे त्याच्यावरून. यादीत नसलं तर सरकारच्या लेखी ती वस्तू जगात नाही. हेच ते भूसंपादनाचं काम, जे आजच्या त्या कागदात "मूळ करारात समाविष्ट नव्हते" असं लिहिलंय. मागाहून चिकटवलेलं काम कसं होतं ते मला विचारा. एसीत बसून होतं.

निवाड्याचा कागद आला तो अख्खा कन्नडमध्ये. आप्पा चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले, उताऱ्यावर सही मराठीत करणारे. त्यांनी कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवला, पोरगी आली की वाचेल म्हणून. मी गेले तेव्हा दोन महिने होऊन गेले होते. चुलीपुढं बसून एकेक ओळ वाचून दाखवत होते. सर्व्हे नंबर बरोबर. नाव बरोबर. झाडं, फणस एक, आंबे दोन, बरोबर. मग पुढचा रकाना. "बावी : इल्ल." विहीर नाही. आप्पांना बावी पण कळलं आणि इल्ल पण कळलं, त्याला कन्नड शिकावं लागत नाही. काही बोलले नाहीत. उठून बाहेर गेले, मला वाटलं गोठ्यात गेले, तर विहिरीवर गेले होते. बघून आले. आहे का बघून आले!!

आणि विहीर नाही म्हणजे नुसते विहिरीचे पैसे गेले असं नव्हे हं. विहीर नाही म्हणून जमीन खुष्की धरली. ज्या जमिनीत बारा महिने हिरवं होतं तिला कोरडवाहूचा दर.

२०१३ चा भूसंपादनाचा कायदा चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. बाजारभावाएवढंच वर दिलासा म्हणून १०० टक्के देतात, शिवाय निवाडा होईपर्यंत वर्षाला १२ टक्के पण देतात, हे कोणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच म्हणून आधीच लिहिते. पण मूळ आकडाच चुकीचा असला तर त्याच्या दुप्पट सुद्धा चुकीचीच की. त्याच कायद्यात कलम २९ आहे, जमिनीवरची बांधकामं आणि इतर वस्तूंची किंमत ठरवायला जाणकार इंजिनिअरची मदत घ्या म्हणून. आणि कलम ३३ आहे, निवाड्यात लिहिण्यातली किंवा हिशोबातली चूक असली तर दुरुस्त करता येते. फक्त सहा महिन्यांच्या आत.

सहा महिने. ह्यातले दोन ट्रंकेत गेले. उरलेले चार कसे गेले ते ऐका. मी स्वतः अर्ज टाईप केला, कन्नडमध्ये, एक चूक नाही. विहिरीचे फोटो जोडले, वीजमीटरची बिलं जोडली. आप्पा सकाळच्या बसनं यायचे, मी दुकानाला कुलूप लावून बरोबर जायचे. साहेब मीटिंगला. साहेब रजेवर. फाईल दुसऱ्या टेबलावर. जागेवर येऊन बघून जातो म्हणाले, आले नाहीत. आणि प्रत्येक वेळी शेवटी एकच वाक्य, "नाळे बन्नी." उद्या या. आप्पा सत्तर वर्षांचे, पायरी चढताना भिंतीला हात लावून चढायचे, आणि समोरचा माणूस मान वर न करता नाळे बन्नी. शेवटच्या वेळी गेलो तर म्हणाले, आता मुदत संपली, दुरुस्ती करता येत नाही, कोर्टात जावा.

मुदत संपली! तुमच्याच टेबलावर संपली की ती!

आता मेन गोष्ट. पुढं वर्षभरानं मी माहिती अधिकारात कागद काढले. त्यात त्या कंपनीच्या कराराची दुरुस्ती होती. कारण काय लिहिलंय? "रस्त्याच्या आखणीत बदल झाल्यामुळे नकाशे नव्याने करावे लागले." जी लाईन सरकली म्हणून आमची विहीर आत आली आणि यादीतून गेली, त्याच सरकलेल्या लाईनीचे नकाशे परत काढले म्हणून कंपनीला जास्तीचे पैसे आणि जास्तीचे महिने. बदल एकच. त्यांच्या कागदावर तो बदल दिसला, मंजूर झाला, बिल निघालं. आमच्या कागदावर बावी इल्ल. ते पान मी अजून दुकानात काचेखाली ठेवलंय.

म्हणून आज ते कागद बघून माझं डोकं फिरलं. काहीजण म्हणतील त्यात चुकलं काय, काम वाढलं तर पैसे द्यायलाच पाहिजेत. बरं, द्या. फुकट काम कुणी करू नये, मी पण करत नाही. नवं टेंडर न काढता असं काम वाढवून देणं बसतं की नाही ते बघायला १९९९ चा सरकारी खरेदीतल्या पारदर्शकतेचा कायदा आहे आपल्या कर्नाटकात, ते बघणारे बघोत. माझं भांडण फीशी नाही. ज्या बैठकीत "लाईन बदलली म्हणून करारात दुरुस्ती" असं लिहिता, त्याच ठरावात अजून दोन ओळी का लिहीत नाही, की लाईन बदलली म्हणून शेतकऱ्याला बोलावून मोजणी परत करा, यादी परत करा? दोन ओळी! कंपनीचा माणूस मुदत मागतो तेव्हा त्याला कुणी नाळे बन्नी म्हणत नाही.

तो बागलकोटचा पोरगा, त्याच्यावर माझा राग नाही. खरंच नाही. त्यानं जे बघितलं ते लिहिलं. मधे एकदा तो दुकानात आला होता, कसल्याशा फॉर्मची झेरॉक्स घ्यायला, मी ओळखलं, त्यानं पण ओळखलं. नोकरी बदलली म्हणाला. विहिरीचं सांगितल्यावर त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, अक्का, मी वहीत विहीर काढली होती, लाईनीच्या बाहेर सहा मीटरवर. म्हणजे त्याच्या वहीत विहीर होती. नंतर ज्यानं लाईन सरकवली त्यानं ती वही उघडून बघितली असती तर पाच मिनिटांचं काम होतं. त्यानं झेरॉक्सचे वीस रुपये काढले, मी घेतले नाहीत. त्यानं पाणी मागितलं, मी फिल्टरचं दिलं. दोघंही मग काही बोललो नाही.

आणि भाषेचं. ह्याच्यावर बोललं की लगेच सीमावादाचं काढतात. मी सीमावादाचं बोलत नाहीय, ती केस २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तिथं काय व्हायचं ते होईल. मी कन्नड वाचते, लिहिते, माझं पोट कन्नड टायपिंगवर चालतं, माझी पोरगी कन्नड शाळेत पहिली येते. पण ज्या गावात दहातली आठ घरं मराठी बोलतात तिथं जमीन घ्यायची नोटीस तरी मराठीत द्या की. कर वसूल करायचा असला की सगळ्या भाषेत कळतं ह्यांना. जमीन जाताना माणसाला कळलं तर पाहिजे काय जातंय आणि काय लिहिलंय.

रस्ते नको असं कुणी म्हणत नाही. माझ्या नणंदेला दवाखान्यात नेताना तिसऱ्या रेल्वे गेटला रिक्षात बसून होतो, गाडी गेली, गेट उघडायच्या आत दुसरी आली, ती कळवळत होती आणि मी देवाचं नाव घेत होते, त्यामुळं रस्ते आणि पूल का पाहिजेत ते मला कुणी शिकवू नये. पण हलगा-मच्छे बायपासच्या वेळी २०२१ ला पोलीस बंदोबस्तात उभ्या पिकात जेसीबी घातले तेव्हा शिवारात बायका आडव्या झाल्या, रडत होत्या, त्या काय रस्त्याला विरोध म्हणून रडत होत्या? मसूर, भाजीपाला, आपल्या बेळगावचा सुवासिक बासमती, हे ज्या मातीत येतं ती माती दुसरीकडं नेऊन घालता येत नाही. जी घेताय तिची निदान मोजदाद तरी खरी करा.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. आईचा फोन येऊन गेला मधेच. आज काय केलंस विचारलं, तर म्हणाली, दारात मेथी लावलीय बादलीत. नळाच्या पाण्यावर. येत नाही गं नीट, म्हणाली.

विहीर मुरूम टाकून बुजवली. दोन दिवस टिप्पर येत होते. पहिल्या दिवसापासून आप्पा उभे राहून मोजत होते, किती टिप्पर लागले ते. अकरा. तो आकडा त्यांनी खडूनं गोठ्याच्या दारावर लिहून ठेवलाय, मराठीत, ११. कोण अधिकारी आलाच तर दाखवायला, की नसलेल्या विहिरीत अकरा टिप्पर मुरूम कसा मावला.

बेळगाव तालुक्यात, खानापूरकडं, रिंगरोडच्या पट्ट्यात ज्यांच्या ज्यांच्या जमिनी जाणार आहेत त्यांना हात जोडून सांगते. २०१३ च्या कायद्यात पहिली नोटीस निघाली की हरकत घ्यायला ६० दिवस असतात, हायवेच्या कायद्यात तर २१ च दिवस. कागद पिशवीत घालून ठेवू नका. मोजणीला आले की विहीर, बोअर, पाईपलाईन, झाडं, बांध सगळं तुमच्यासमोर लिहून घ्या, लिहिलेलं वाचून घ्या, मग सही करा, आणि त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढा. मागनं शेतात नवीन दगड दिसला तर त्याच दिवशी लेखी अर्ज द्या, पोच घ्या, तोंडी बोलून येऊ नका. कन्नड वाचता येत नसलं तर लाजू नका. माझं दुकान साडेनऊला उघडतं, बऱ्याच जणांना माहीत आहे कुठं आहे ते. नोटीस वाचून दाखवायचे मी पैसे घेत नाही.