तासाएवढे चित्र

एप्रिलमध्ये ईस्टरच्या सुट्टीत कोल्हापूरला आले होते, तेव्हा दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात माझ्या एका मैत्रिणीच्या जलरंगचित्रांचे प्रदर्शन लागले होते. ती एका माध्यमिक शाळेत चित्रकलेची शिक्षिका आहे, आणि भिंतीवरची 28 चित्रे तिने 6 वर्षांतल्या रविवारी सकाळी, कधी रंकाळ्यावर तर कधी पंचगंगेच्या घाटावर बसून, जमेल तशी पुरी केली होती. समारोपाच्या चहाला वाद निघाला. एका ज्येष्ठ चित्रकारांचे म्हणणे असे, की पहिल्या तारखेच्या पगाराची खात्री असलेल्या माणसाच्या चित्रात धार येत नाही, म्हणून एक तर मास्तर व्हावे किंवा चित्रकार. शाळेच्या संस्थेतले एक गृहस्थ हसत हसत म्हणाले, की बाईंना एवढी चित्रे काढायला सवड मिळते, म्हणजे त्यांच्याकडे आणखी एक वर्ग द्यायला हरकत नाही. तिसरे एक निवृत्त कलाशिक्षक होते. त्यांनी समजुतीचा सूर लावला, की नोकरी संपल्यावर वेळच वेळ असतो, तोवर धीर धरावा. मैत्रीण काहीच बोलली नाही, कारण तिला सहा वाजता दालन रिकामे करून द्यायचे होते आणि टेम्पोवाला खाली थांबला होता.

मी स्वतः कोल्हापुरात एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, करून 9 वर्षे शाळेत शिकवले आणि आता इंग्लंडमधल्या लीड्समध्ये शिकवण्याचे माझे सातवे वर्ष आहे, त्यामुळे हा वाद मला दोन्हीकडून ऐकू येतो. तिन्ही मते ऐकताना मला जाणवले ते हे, की आपण या प्रश्नाकडे निष्ठेचा प्रश्न म्हणून पाहतो आणि तो खरे म्हणजे तासांचा व पगाराचा प्रश्न आहे. कोल्हापुरातल्या माझ्या आठवड्यात शिकवण्याचे तास फार नव्हते. वेळ खात होती ती बाकीची कामे. कोणी शिक्षक रजेवर गेले, की ऑफ तास चित्रकलेच्या बाईंना. दर्शनी फळ्यावर 15 ऑगस्ट, शिक्षक दिन, 26 जानेवारी. स्नेहसंमेलनाचा पडदा, पाहुण्यांच्या स्वागताची रांगोळी, प्रमाणपत्रांवर साडेतीनशे मुलांची नावे वळणदार अक्षरात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांसाठी शाळा सुटल्यावरचे जादा वर्ग, कारण इंटरमिजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीच्या निकालात धरले जातात आणि पालकांना चित्रकलेशी तेवढ्यापुरते देणेघेणे असते. त्यात निवडणूक आली, की मतदान केंद्रावरची ड्युटी. शिक्षण हक्क कायद्याच्या 27 व्या कलमाने शिक्षकांना अशैक्षणिक कामांतून मोकळे केले आहे खरे, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांचा अपवाद त्याच कलमात आहे. हे सारे आटोपून घरी आल्यावर ज्या स्त्रीला स्वयंपाक करायचा आहे, तिच्याकडे निष्ठा कमी म्हणून चित्रे होत नाहीत, असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

एक तर मास्तर किंवा चित्रकार, हे ज्येष्ठांचे मत कोल्हापूरच्या इतिहासालाही धरून नाही. आबालाल रहमान यांना शाहू महाराजांनी दरबारी चित्रकार केले, म्हणजे तोही एक पगारच होता, आणि कोटीतीर्थाच्या पाण्यावरचा त्यांचा प्रकाश त्यामुळे काही फिका पडला नाही. बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. त्यातूनच पुढे कॅमेऱ्याचा नाद लागला आणि 1920 चा ‘सैरंध्री’ हा मूकपट उभा राहिला. या गावात चित्रकाराने पोटासाठी दुसरे काम करणे ही रीतच होती. फरक एवढाच, की पडदा रंगवणारा हात दिवसभर रंगातच असे, आणि आजच्या कलाशिक्षकाचा हात हजेरीपटात असतो.

आता इकडचे. इंग्लंडमध्ये मला पुन्हा वर्षभराचे पीजीसीई, म्हणजे शिक्षक-प्रशिक्षण, करावे लागले, ते सोडा. इथल्या शाळेत सगळ्यात आधी नजरेत भरले ते हे, की शिक्षकाचा वेळ मोजलेला असतो. वर्षाचे 195 दिवस, त्यांत शाळेने सांगितल्याप्रमाणे काम करण्याचे 1265 तास, आणि शिकवण्याच्या वेळेच्या निदान 10 टक्के वेळ तयारी व तपासणीसाठी राखीव, की ज्यात कोणी ऑफ तास माथी मारू शकत नाही. अर्थात याच नियमांत पुढे ‘लागतील तेवढे वाजवी जादा तास’ अशा अर्थाचे एक कलम आहे आणि त्या कलमातून सगळे पाणी गळून जाते. सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेत चित्रकलेला 60 टक्के गुण अभ्यासक्रमाच्या काळातल्या कामाच्या संग्रहाला असतात. त्या जाडजूड वह्या तपासताना एप्रिल-मे कसे जातात हे कळत नाही. शिवाय 2010 पासून शाळांच्या मोजमापात ज्या विषयांना वजन देण्यात आले, त्यांत कला नव्हती, त्यामुळे विषय टिकवण्याची धडपड इथेही आहे. ‘तिकडे कलेला फार मान असतो’ असे कोल्हापुरात मला दर सुट्टीला ऐकवले जाते. मान संग्रहालयात आहे, वेळापत्रकात नाही.

तरीही एक गोष्ट इथे आहे, जी तिकडे नाही, आणि माझे सारे म्हणणे तिच्याभोवती आहे. इथला शिक्षक आठवड्याचे तीनच दिवस काम करायला मागू शकतो. शिक्षकांच्या बोलीत त्याला ‘पॉइंट सिक्स’ म्हणतात. पगार 60 टक्के मिळतो, निवृत्तिवेतनात भर त्याच प्रमाणात पडते, पण नोकरी कायम राहते आणि पद तेच राहते. शाळेने हो म्हटलेच पाहिजे असे नाही, मात्र मागणे हा हक्क आहे. लीड्सच्या कलाशाळेत शिकलेला शिल्पकार हेन्री मूर लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये आठवड्याचे दोन दिवस शिकवत असे आणि उरलेले दिवस दगडाला देत असे. अशी वाटणी तेव्हाही होती. मी तीन वर्षांपूर्वी पॉइंट सिक्स झाले. हे जमले ते घराचा हप्ता नवऱ्याच्या पगारातून जातो म्हणून, हे लपवण्यात अर्थ नाही. माझ्याबरोबरची एकटी मुलगा वाढवणारी सहकारी पूर्णवेळच आहे.

आणि वेळ हातात आल्यावर काय झाले, तेही सांगायला हवे, कारण त्याची कल्पना मला कोणी दिली नव्हती. पहिल्या मोकळ्या गुरुवारी सकाळी नऊला मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बोर्ड लावला, कागद ओला करून ताणला, आणि कोल्हापूरहून आणलेल्या रेखाटनावरून घाटाचे चित्र घेतले. पावणेदहाला ते पुरे झाले. आकाश पहिल्या पाच मिनिटांत, मग दूरच्या झाडांचा एक पुंजका, दीपमाळेची सावली, पायऱ्यांवर माणसांचे चार ठिपके आणि शेवटी कोरड्या ब्रशची एक फरांटी. वर्गात प्रात्यक्षिक देताना पस्तीस मिनिटांच्या तासात घंटेच्या आत जे संपते, तेच आणि तेवढेच. पुढचा सबंध दिवस माझ्यासमोर मोकळा पडला होता आणि त्याचे काय करायचे हे माझ्या हाताला ठाऊक नव्हते. इतकी वर्षे मी मुलांना दाखवण्यासाठी चित्र काढत आले होते; चुकू शकेल अशा जागेत पाऊलच टाकले नव्हते, कारण चाळीस मुलांसमोर वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट हात, बिघडला तर वर्ग हसतो.

ही सवय शेवटी इथल्या हवेने मोडली, असे म्हणेन. एप्रिलच्या कोल्हापुरात आकाशाचा वॉश ब्रश उचलायच्या आत कोपऱ्यातून सुकू लागतो. त्यामुळे आपल्याकडच्या जलरंगाला एक घाईचा, धीट हात असतो आणि तीच त्याची शान आहे. नोव्हेंबरच्या लीड्समध्ये तोच वॉश पाऊण तास ओला राहतो. वर दुसरा रंग टाकला तर तो फुलून पसरतो, थांबलात तर कडेला रंगाची रेघ जमते. केस सुकवण्याच्या यंत्राने सुकवून पाहिले, तर रंग मेल्यासारखा झाला. मग थांबायला शिकले, आणि थांबताना चित्राकडे पाहायला शिकले. पाण्यातल्या देवळाच्या प्रतिबिंबाचा तोच कोपरा मी त्या हिवाळ्यात 14 वेळा काढला. त्यातले दोन कागद ठेवण्यासारखे आहेत. वर्गावरही याचा परिणाम झाला: आता मी मुलांसमोर अर्धवट, बिघडलेले चित्र ठेवते आणि पुढे काय करावे हे त्यांनाच विचारते. पॉइंट सिक्स झाल्यामुळे शाळेचे नुकसान झाले असे निदान मुलांना तरी वाटत नसावे.

मग हीच सोय कोल्हापुरात का नको, असे मी नंतर मैत्रिणीला म्हणाले आणि तिनेच मला गप्प केले. तिकडे ‘अर्धवेळ’ या शब्दाचा अर्थच वेगळा आहे. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीची पटसंख्या शंभराच्या वर असेल तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवासाठी अंशकालीन निदेशक असावेत असे म्हटले आहे. व्यवहारात अंशकालीन म्हणजे मानधनावरचा, उद्याची शाश्वती नसलेला माणूस. तासिका तत्त्वावर तीन शाळा फिरणाऱ्या तरुणाला मोकळे दिवस आहेत, पण त्यात तो फ्लेक्सचे डिझाइन करतो आणि लग्नाचे स्टेज रंगवतो. त्याला कोणी ‘मोकळा वेळ’ म्हणत असेल तर म्हणो. मैत्रिणीचे म्हणणे मला पटले, तरी माझी मागणी मी मागे घेत नाही, फक्त ती नीट मांडते: कायम कलाशिक्षकाला, त्याने मागितल्यास, पगार व निवृत्तिवेतनाच्या योग्य प्रमाणात तीन दिवसांची नोकरी मिळावी आणि उरलेल्या तासांवर दुसऱ्या एका एटीडीधारकाला त्याच हक्कांसह कायम घ्यावे. हे होईपर्यंत निदान ऑफ तास आणि प्रमाणपत्रे तरी सगळ्या शिक्षकांत वाटून द्यावीत. सुवाच्य अक्षर मराठीच्या सरांचेही असते.

तुलना करताना एक उलटे मापही घालायला हवे. लीड्समध्ये माझ्या विभागातले चौघेही घरी काहीतरी रंगवतात, पण ते एकमेकांना दाखवत नाहीत. शाळेच्या दृष्टीने तो खाजगी छंद आहे, कोणी बागकाम करावे तसा. कोल्हापुरात रविवारी सकाळी घाटावर दळवीज आणि कलानिकेतन या कलासंस्थांची मुले, त्यांना शिकवणारे सर, शाळेतले ड्रॉइंग मास्तर असे सगळे एका ओळीत बोर्ड मांडीवर घेऊन बसतात. धुणे धुणारी बाई मागे उभी राहून ‘पाणी लई काळं केलंसा’ असे सांगून जाते, आणि सरांचे चित्र बिघडले तर ते मुलांच्या देखतच बिघडते. माझ्या 14 कागदांनी जे मला शिकवले, ते मैत्रीण त्या ओळीत बसून कधीच शिकली असावी, असे तिची चित्रे पाहताना वाटले. मोकळा गुरुवार मला मिळाला, ती ओळ मिळाली नाही.

राहिले ते निवृत्तीपर्यंत धीर धरण्याचे. मला शाळेत चित्रकला शिकवलेल्या सरांनी नोकरीत असताना परदेशी जलरंगाचा जाड कागद थोडा थोडा विकत घेऊन कपाटात जपून ठेवला होता, निवृत्तीनंतर सावकाश रंगवायचे म्हणून. मंगळवार पेठेतले त्यांचे घर जुने, आणि पावसाळ्यात भिंतींना ओल येते. या खेपेला भेटायला गेले तेव्हा त्यांनी तो गठ्ठा काढून दाखवला. कागद वरून चांगला दिसत होता, पण त्यावरची सरसाची खळ ओलीने केव्हाच गेली होती. ब्रश टेकवताच रंग टीपकागदावर जिरावा तसा आत जिरून जागोजाग डाग उमटत होते. सरांनी दोन-तीन कागदांवर करून पाहिले आणि मग बाकीचे उलटून घेतले. आता ते त्यावर कोळशाने नातवाची रेखाटने करतात, आणि नातू एका जागी बसत नाही अशी त्यांची तक्रार आहे.