रडणाऱ्याचा विश्वास कच्चा, हे कोणी ठरवलं?

म्हापसा-पर्वरीकडच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांत सध्या व्हॉट्सअॅपवर एक संदेश फिरतोय. खरा ख्रिस्ती संकटातही हसतमुख असतो, कारण येशूचा प्रेषित पौल याने तुरुंगातून ‘सर्वदा आनंद करा’ असं लिहिलं. रडणं म्हणजे विश्वास कमी, गोळ्या घेणं म्हणजे देवावर भरवसा नाही. आभार माना, संकट टळेलच. खाली जोडलेले हात, आणि सात जणांना पाठवायची ताकीद. आमच्या शेजारी मयत झालं, तेव्हा तिसऱ्याच दिवशी त्या घरच्या काकींच्या फोनवर हे येऊन धडकलं. त्यानंतर प्रार्थनेला माणसं यायच्या आत त्या पदराने तोंड पुसून, पावडर लावून बसायच्या. म्हणून हे लिहितोय.

आधी रडण्याचं घ्या. आपला मित्र लाजर याच्या थडग्यापाशी येशू रडला. थोड्याच वेळात त्याला मेलेल्यांतून उठवणार होता, तरी रडला. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. ८८वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही. गोव्यात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. इथल्या चर्चमध्ये उपवासकाळात मोतेत, म्हणजे भक्तिगीतं, गातात ती येशूच्या दुःखसहनाची, आणि गुड फ्रायडेला घंटाही मुकी असते. वर्षातले इतके दिवस शोकासाठी राखून ठेवणाऱ्या धर्मात काकींनीच तेवढं हसायचं?

आता पौल. संदेश पाठवणाऱ्याने पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातली, म्हणजे फिलिप्पी शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रातली, एक ओळ उचलली, पत्र वाचलेलं दिसत नाही. चारच अध्याय आहेत, अर्ध्या तासात होतात. दुसऱ्या अध्यायात त्या लोकांनी पौलाकडे पाठवलेला एपफ्रदीत मरणाच्या दारातून परतल्याची हकीकत आहे. देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही, मला दुःखावर दुःख होऊ नये म्हणून, असं पौल लिहितो. म्हणजे पहिलं दुःख होतंच, आणि ते त्याने लपवलेलं नाही. तिसऱ्या अध्यायात तो रडत रडत काही सांगतो. आपण जगणार की मरणार हेही त्याला लिहिताना ठाऊक नव्हतं, तेव्हा ‘संकट टळेलच’ ही हमी त्याच्या नावावर खपवायची सोय नाही. आणि चौथ्या अध्यायात, ‘आनंद करा’च्या थोडं खाली, त्याला इतका आनंद कशाचा झालाय ते येतं: फिलिप्पीच्या लोकांनी पुन्हा त्याची आठवण ठेवली, एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली. माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे बरं केलंत, असं तो म्हणतो. संदेशातला आनंद मात्र दुःखी माणसाने एकट्याने, स्वतःच्या जोरावर काढून दाखवायचा आहे.

त्याच फिलिप्पीत पौल आणि त्याचा सोबती सीला मध्यरात्री कोठडीत गाणी गात होते, हे खरं. अशी माणसं असतात, मीही पाहिलीत, आणि त्यांच्यापुढे मान लवते. पण पुढचंही वाचा ना. त्याच रात्री तुरुंगाच्या नायकाने त्यांच्या फटक्यांच्या जखमा धुतल्या आणि घरी नेऊन जेवू घातलं.

गोळ्यांबद्दल फार लिहायला नको. पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाच्या तक्रारीवर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं होतं, आणि त्याचा सोबती लूक वैद्य होता. झोपेची किंवा नैराश्याची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती असले संदेश वाचून बंद करू नका.

याच संदेशाच्या एका प्रतीवर संत जुझे वाझ यांचं चित्र डकवलंय. बाणावलीत १६५१ साली जन्मलेले, २०१५ मध्ये संतपद मिळालेले, आपल्या गोव्याचे. ‘हसत सोसा’ सांगायला हा माणूस निवडावा, याचं नवल वाटतं. १६९७ च्या सुमारास श्रीलंकेतल्या कँडीत देवीची साथ आली तेव्हा ते रोग्यांना धीर धरा म्हणून मोकळे झाले नाहीत. शहरात राहून त्यांची शुश्रूषा केली, मेलेल्यांना मूठमाती दिली.

उरले ते सात जण. सात हा आकडा बायबलमधल्या, संकटांमागून संकटं सोसणाऱ्या ईयोबाच्या गोष्टीतही आहे. त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि कोणी चकार शब्द काढला नाही. नंतर त्यांनी तोंड उघडलं, तुझंच काहीतरी चुकलं असणार म्हणाले, आणि शेवटी देवाचा कोप झाला तो त्यांच्यावर. काकींच्या घरी एक शेजारीण रोज दुपारी पेजेचं टोप आणि चेपणीचं तोर, म्हणजे मिठात मुरवलेली कैरी, घेऊन येते. ती आली की त्यांना पावडर लावावी लागत नाही.