‘व्हेल’ला कुरूप म्हणू नका

‘टॅसिट ब्लू’ या अमेरिकेच्या जुन्या, गुप्त प्रायोगिक विमानाचा फोटो विमानप्रेमींच्या कुठल्याही ग्रुपवर टाका, पहिली प्रतिक्रिया ठरलेली: हे उडतं तरी कसं? कुणाला ती पावाची लादी वाटते, कुणाला पालथी घातलेली होडी. त्याच्यावर काम करणारेही त्याला ‘व्हेल’ म्हणायचे आणि स्वतःला ‘व्हेलर्स’, पण ते मायेनं. बाकीच्यांचं हसणं मात्र मला खरंच लागतं.

कारण हा आकार कुणाची हौस नव्हती. सत्तरच्या दशकात अमेरिकेला धास्ती होती ती मध्य युरोपात घुसणाऱ्या सोव्हिएत रणगाड्यांची. पहिली फळी थोपवली तरी मागून दुसरी येणार, तिसरी येणार. त्या मागच्या फळ्यांच्या हालचाली टिपायच्या तर मोठं रडार घेऊन आघाडीजवळ तासन्‌तास घिरट्या घालणारं विमान हवं. पण रडार म्हणजे अंधारात पेटवलेली बॅटरी. तिच्या उजेडात समोरचा दिसतो, आणि बॅटरी कुठून मारली जातेय तेही समोरच्याला कळतं. इथे तर लपणाऱ्यानंच बॅटरी पेटवायची होती! शत्रूला चाहूल लागू नये अशा बेतानं लहरी सोडणारं रडार ह्यूजेस कंपनीनं केलं, विमान नॉर्थ्रॉपनं.

‘स्टेल्थ’, म्हणजे रडारपासून लपणाऱ्या विमानासाठीच्या आधीच्या एका स्पर्धेत, १९७६ मध्ये, नॉर्थ्रॉप लॉकहीड कंपनीकडून हरली होती. लॉकहीडचं ‘हॅव ब्लू’ हिऱ्यासारखं पैलूदार, कारण तेव्हाच्या त्यांच्या संगणकाला सपाट तुकड्यांवरून परतणाऱ्या लहरींचंच गणित झेपत होतं. ‘टॅसिट ब्लू’ची अडचण वेगळी. त्याचं रडार पोटात बसून बाजूला बघणार, म्हणजे कूस भलीमोठी, आणि घिरट्या घालायच्या म्हणजे लपायचं चारही बाजूंनी. नॉर्थ्रॉपच्या फ्रेड ओशिरो यांच्याजवळ तेव्हा मॉडेलिंगची माती असायची. मुलांना घेऊन डिस्नेलँडला गेले असताना तिथल्या बाकावर बसून ते ती वळवत होते आणि तिथेच वाट सापडली, असं सांगतात. फुगीर कूस खाली हळूहळू पसरत जाऊन एका पातळ, चपट्या कडेला मिळते. कुठेही एकदम वळण नाही. गणित अडलं तिथे बोटांनी उत्तर दिलं, याचं मला फार अप्रूप आहे.

बाकी रचनाही तशीच. दोन इंजिनं, पण हवा घ्यायला तोंड एकच, तेही पाठीवर, म्हणजे खालच्या रडारला दिसायला नको. हे सगळं जमवताना विमान इतकं अस्थिर झालं की संगणकाविना ते क्षणभरही सरळ उडालं नसतं. ५ फेब्रुवारी १९८२ ला नेवाडातल्या ग्रूम लेकच्या गुप्त तळावरून रिचर्ड थॉमस यांनी ते पहिल्यांदा उडवलं. पुढच्या तीन वर्षांत १३५ उड्डाणं, सुमारे २५० तास. ‘हॅव ब्लू’ची दोन्ही विमानं चाचण्यांत कोसळली होती. हे एकुलतं एक होतं, आणि शेवटपर्यंत शाबूत राहिलं.

मग १९८५ ला ते कोठारात गेलं. जगाला कळलं थेट ३० एप्रिल १९९६ ला. इतकं देखणं काम केलेल्या माणसांना तोवर घरी एक शब्द बोलता आला नसेल, याचं मला आजही वाईट वाटतं.

सेवेत आलं नाही, म्हणजे प्रयोग फसला, असं लिहिणारे भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. वक्र अंगाचा धडा नॉर्थ्रॉपच्याच बी-टू या स्टेल्थ बॉम्बरला मिळाला. रडारचं ज्ञान जॉइंट स्टार्स या जमिनीवरच्या हालचाली टिपणाऱ्या टेहळणी विमानांत गेलं, आणि १९९१ च्या आखाती युद्धात, चाचण्या चालू असतानाच, ती विमानं कामाला आली. हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पण तसं रडार तिथे बसलं बोइंग ७०७ च्या पोटाखाली, कोसावरून दिसणाऱ्या विमानात. लपणं एकीकडे गेलं, बघणं दुसरीकडे. दोन्ही एका अंगात नांदलं होतं ते या ‘व्हेल’मध्ये.

सध्या ते ओहायोत, डेटनच्या हवाई दल संग्रहालयात आहे. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कुणी गेलं, तर नाकासमोर सेल्फी काढून परतू नका. बाजूला उभे राहा आणि कुशीवरून नजर हळूहळू खाली त्या चपट्या कडेपर्यंत न्या. फोटोही तिथूनच काढा, आणि मला नक्की पाठवा.