जनुकं आली म्हणजे सगळं ठरलं, असं नाही

‘स्नायू कमी असणं जनुकांतच असेल तर मणक्यांमधली चकती झिजणार हे ठरलेलंच’ हे कमी स्नायू आणि चकतीची झीज यांच्या संबंधावरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. लेखाचा आधार असलेल्या मेंडेलियन रँडमायझेशनमध्ये, म्हणजे जन्मजात जनुकीय फरकांवरून कार्यकारणसंबंध तपासण्याच्या पद्धतीत, जनुकं वापरतात ती कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे शोधायला. पाठ दुखते म्हणून हालचाल घटून स्नायू रोडावले, की स्नायू आधीच कमी होते म्हणून चकती झिजली, हे नुसत्या पाहणीतून कळत नाही. पाठदुखीमुळे जनुकं काही बदलत नाहीत, म्हणून त्यांचा आधार घ्यायचा. मग असा संबंध खरा निघाला तर स्नायू कमावण्याला उलट जास्तच अर्थ आहे! आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे मान्य. फिनलंडमधल्या जुळ्यांच्या अभ्यासाने ते १९९५ मध्येच दाखवलं. पण मोठा वाटा म्हणजे सगळा वाटा नाही.

आणि लेखात सगळ्या शरीराचे स्नायू एकत्र धरलेत. माझ्या एमआरआयच्या रिपोर्टमध्ये एल४-एल५ (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या) चकतीबद्दल सविस्तर लिहिलं होतं, स्नायूंबद्दल अवाक्षर नाही. फिजिओथेरपिस्टने फिल्म उजेडाला धरून मणक्यालगतच्या मल्टिफिडस स्नायूत शिरलेल्या चरबीचे पांढरे पट्टे दाखवले, तेव्हा व्यायाम नेमका कशासाठी ते समजलं. शिवाय झीज दिसली म्हणजे दुखणारच, असंही नाही. २०१५ च्या एका आढाव्यात कसलाही त्रास नसलेल्या विशीतल्या ३७ टक्के लोकांतही ती आढळली होती. हे न सांगता नुसतं ‘धोका’ म्हटलं की माणसं वाकायलासुद्धा घाबरतात.